सेवेला शिक्षण कशाला?

समाजसेवेचे शिक्षण देणारे पहिले विद्यालय मुंबईत निघाले त्यास आता नव्वद वर्षे होत आली. तरी ह्या शिक्षणाविषयी आपल्या सुशिक्षित घरांत जी चर्चा होते ती अद्याप दोनच प्रश्नांत आटोपते. मुलगा अथवा मुलगी ह्या विद्यालयात जावयाचे म्हणू लागली, की वडील विचारतात, 'सेवा करावयास पदवी कशाला?' आणि आई विचारते, 'ह्यात पोट भरेल का?' पहिला प्रश्न तात्त्विक दिसतो व दुसरा व्यावहारिक. पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. ती ही की, सेवा म्हणजे फावल्या वेळी व भरल्या पोटी मनाच्या ओलाव्याने करावयाचे पुण्यकर्म; त्यात शिकण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच त्याचा मोबदला मागणे शोभत नाही. ही समजूत साफ खोटी आहे असे आमचे म्हणणे आहे. इतकेच नव्हे, तर ज्या विद्यालयांनी ती खोडून काढावयाची, त्यांनीच आपल्या वर्तनाने तिला बळकटी आणली आहे, असेही आमचे म्हणणे आहे. तेव्हा ह्या लेखाने दोन्ही पक्ष आमच्यावर रागावण्याचा संभव आहे. पण त्यास आमचा इलाज नाही.

आक्षेपकांचा पहिला आधार थोर पुरुषांच्या नावांचा असतो. 'अण्णासाहेब कर्व्यांनी समाजसेवेची कोणती परीक्षा दिली होती? साने गुरुजी सेवा कोणत्या विद्यालयात शिकले?' असा प्रश्न टाकला की वाद संपला, असे त्यांस वाटते. ही दोन्ही नावे रत्नागिरी जिल्ह्यातील एकाच दापोली तालुक्याची आहेत. साने गुरुजींचे गाव पालगड, कर्व्यांचे मुरुड. मुरुडाहून किनाऱ्याने उत्तरेस निघाले की हर्णै लागते, आणि त्यापुढे जोग नदीची खाडी ओलांडली की आंजर्ले. आक्षेपक आम्हांस आपण होऊन ह्या किनाऱ्यावर घेऊन येत आहेत. तेव्हा वादाचा निकालही येथेच लावून घेणे सोयीचे होईल.

प्रथम कर्व्यांचेच उदाहरण घेऊ. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, आणि त्याच वर्षी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. दोन वर्षे काम केल्यावर ह्या मंडळीचे नाव पालटून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असे ठेवण्यात आले. हा फरक केवळ अक्षरांचा नव्हे. एखाद्यास एखाद्या गोष्टीचे उत्तेजन देणे निराळे, आणि जी व्यक्ती ती गोष्ट आपखुशीने करू इच्छिते तिच्या वाटेतील धोंड दूर करणे निराळे. पहिल्यात सेवकाची इच्छा पुढे असते, दुसऱ्यात सेव्याची. पुढे १८९६ साली अनाथबालिकाश्रम निघाला. कारण पुनर्विवाह हा थोड्याच जणींचा मार्ग, परंतु स्वतःच्या पायांवर उभे करणारी विद्या ही सर्वांचीच गरज. तीन वर्षांच्या आत आपले साधन पारखून पाहणे, त्याचे नाव बदलणे, आणि शेवटी त्याच्या जोडीस दुसरे अधिक सोयीचे साधन निर्माण करणे, ही गोष्ट निव्वळ कळवळ्याने होत नाही. कळवळा असणारी माणसे त्या काळीही पुष्कळ होती. विधवांच्या दुःखाने ज्यांचे डोळे पाणावत असत अशा सभ्य गृहस्थांची पुण्यात वाण नव्हती. कर्व्यांपाशी कळवळ्याखेरीज आणखी काही होते, आणि त्या 'आणखी काही'सच आम्ही शिक्षण म्हणतो.

दुसरे उदाहरण ह्याच जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचे. कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. त्यात येणारास गोखल्यांनी काय सांगितले? 'तुझे मन शुद्ध आहे, जा आणि सेवा कर' असे नव्हे. पाच वर्षे उमेदवारी कर, अभ्यास कर, देश पाहा, आणि मग सेवक म्हणवून घे, असा त्यांचा नियम होता. उच्च शिक्षण घेतलेल्या तरुणांनी आणखी पाच वर्षे विद्यार्थी म्हणून राहावे, ही अट आजच्या कोणत्याही समाजकार्य विद्यालयाच्या दोन वर्षांच्या अटीहून कितीतरी कडक आहे. ह्याच समाजातील ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली व गिरणगावात जे काम उभे केले, ते ह्या उमेदवारीचेच फळ होय. तात्पर्य, थोरांच्या नावाने जे शिक्षणास नाके मुरडतात, त्यांनी त्या थोरांची चरित्रे वाचण्याची तसदी घेतलेली नसते.

ह्यावर आक्षेपक म्हणतील, 'ते अनुभवाने शिकले, विद्यालयाने नव्हे.' अनुभव हा उत्तम गुरू आहे ह्यात वाद नाही. पण त्या गुरूची दक्षिणा कोण देतो? नवशिक्या वैद्याच्या अनुभवाचा खर्च रोग्याच्या अंगावर पडतो. म्हणून वैद्यास आधी पढवितात, थोरल्या वैद्याच्या हाताखाली ठेवतात, आणि मग औषध देऊ देतात. सेवकाच्या अनुभवाचा खर्च दरिद्री माणसाच्या अंगावर पडतो. तो तक्रार करीत नाही, कारण आलेल्या मदतीस नावे ठेवू नयेत हे त्यास लहानपणापासून शिकविलेले असते. त्याच्या ह्या मौनाला आपण आपल्या सेवेचे यश समजतो!

आता प्रत्यक्ष आंजर्ल्यास येऊ. पर्यटकास हे गाव कड्यावरच्या गणपतीमुळे व लांबरुंद पुळणीमुळे ठाऊक असते. गावच्या माणसास ते आपल्या आगरांमुळे ठाऊक आहे. नारळ लावला म्हणजे फळास यावयास सहा-सात वर्षे लागतात, पोफळीसही फारशी कमी लागत नाहीत; म्हणून आगर हे पीक नव्हे, ती बापाने मुलासाठी ठेवलेली ठेव असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडचा किनाराही त्याच्या तडाख्यात सापडला. अशी पिढ्यांची ठेव एका दुपारी आडवी झाली. वीज कित्येक दिवस नव्हती. साथीचे दिवस असल्याने जाण्यायेण्याची बंधने होती ती निराळीच.

अशा वेळी मुंबई-पुण्याहून मदत गेली आणि ती मनापासून गेली. ताडपत्र्या गेल्या, मेणबत्त्या गेल्या, शिधा गेला. तिचा उपहास करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. पावसाळा तोंडावर असता उघड्या घरावर ताडपत्री घालणारा हात हा पुण्यवान हातच होय. परंतु ताडपत्री घातल्यानंतर जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर मेणबत्तीच्या उजेडात सापडण्याजोगे नव्हते. सरकारने आरंभी फळबागांची भरपाई हेक्टरी ५० हजार रुपये ह्या मानाने जाहीर केली. देशावरच्या शेतीला हा हिशेब शोभतो. कोकणच्या किनाऱ्यावर आगर हेक्टरांनी मोजीत नाहीत, गुंठ्यांनी मोजतात. पाच गुंठ्यांच्या आगरास ह्या दराने सुमारे अडीच हजार रुपये होतात. त्यातही सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, अथवा आठ-दहा सामाईक वारसांचे. त्यांपैकी कोणी मुंबईत, कोणी बडोद्यास, एकीचे लग्न होऊन नाव पालटलेले, दोघे वारलेले आणि त्यांच्या पश्चात वारसनोंद कोणी केलेली नाही. रक्कम कोणाच्या खात्यावर जमा करावी? सर्वांची संमती आणा, असे कचेरी म्हणणार, आणि कचेरीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मागाहून ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला: पोफळीस ५० रुपये आणि नारळास २५०. परंतु झाडामागे दर मिळावयाचा तर झाडे मोजली गेली पाहिजेत. आणि ज्या बिचाऱ्याने घराची वाट मोकळी करण्यासाठी पडलेली झाडे पहिल्या दोन दिवसांत तोडून बाजूस सारली, त्याने मागाहून पंचांस दाखवावे काय?

ह्या प्रसंगी कोणती सेवा हवी होती ते पाहा. 'काका, झाडे तोडण्याआधी मोजा, छायाचित्र काढून ठेवा, शेजाऱ्याची सही घ्या,' असे पहिल्याच सकाळी आगरात उभे राहून सांगणारे कोणी हवे होते. सातबारा व फेरफार वाचून कोणत्या कुटुंबाचे घोडे कोठे अडणार हे आधीच ओळखणारे, वंशावळ लिहून काढणारे, संमतिपत्राचा मसुदा करून तो मुंबईस धाडणारे कोणी हवे होते. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, ज्या दोन भावांत वीस वर्षांचा अबोला आहे त्या दोघांच्याही ओटीवर बसून दोघांचीही सही मिळविणारे कोणी हवे होते. हे काम तलाठ्याचे नव्हे, वकिलाचे नव्हे, आणि ताडपत्र्यांची मोटार घेऊन आलेल्या दयाळू तरुणांचे तर नव्हेच नव्हे. हे शिकलेल्या समाजसेवकाचे काम आहे. सेवेला शिक्षण कशाला, ह्या प्रश्नाचे ह्याहून सरळ उत्तर आमच्यापाशी नाही.

आणखी एक गोष्ट शिकल्यावाचून कळत नाही. शहरातील दयाळू मनुष्याच्या कल्पनेत खेडे हे निष्पाप, दुःखी आणि एकजीव असते. ज्या मुरुडासाठी कर्व्यांनी फंड उभारला, त्याच मुरुडाने १८९३ च्या विवाहानंतर त्यांजवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ त्यांच्या घरच्या माणसांस लागली. ही वृत्ती त्या शतकाबरोबर संपली असे कोणी समजू नये. शिमग्यात पालखी कोणाच्या दारी आधी जावी, मान कोणाचा, ह्यावरून वाडीच्या वाडी वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत आपल्या डोळ्यांदेखत घडले. ह्यासाठी महाराष्ट्र सरकारास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला व तो २०१७ पासून अमलात आला. खोतीची कथाही अशीच. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले; खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. कागदावरून खोत गेला. पण कोणी ओटीवर बसावे आणि कोणी अंगणात उभे राहून बोलावे, हे ठरविणारी नजर कायद्याने जात नाही. असा गाव न समजता जो सेवक येतो, तो पहिल्याच दिवशी गावातील सर्वांत मोठ्या घरी उतरतो, कारण तेथे राहण्याची सोय चांगली असते. आणि त्या क्षणापासून अर्ध्या गावाची दारे त्यास बंद होतात. त्यास तो दोष लोकांच्या औदासीन्यास देतो. उतरावे कोठे आणि पाणी प्रथम कोणाच्या घरी प्यावे, हासुद्धा शास्त्राचा विषय आहे.

येथवर आम्ही विद्यालयांच्या बाजूने बोललो. त्यांनी जे केले त्याचे श्रेय देण्यास आम्ही कचरत नाही. क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२६ साली नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाउस सुरू केले. तेथील अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले, आणि तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने विख्यात झाले. विद्यालय वस्तीतून जन्मास आले, वस्ती विद्यालयासाठी शोधावी लागली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईस निर्मला निकेतन १९५५ साली निघाले. पुण्यास कर्व्यांचे नाव धारण करणारी समाजसेवा संस्था १९६३ साली. ह्या शिक्षणाची फळेही दिसली. मारहाण सोसून पोलीस ठाण्यात आलेल्या बाईस 'घरी जा, जुळवून घे' ह्यापेक्षा अधिक काही सांगणारे मनुष्य तेथेच बसविले पाहिजे, हा विचार टाटा संस्थेच्या मंडळींनी १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारात विशेष कक्ष काढून प्रत्यक्षात आणला. रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी १९९६ साली ह्याच संस्थेच्या कार्यातून निघाला. भाबड्या दयेस ह्या कल्पना सुचल्या नसत्या. पोलिसाची दप्तरे, बाईची भीती व कायद्याची कलमे ही तिन्ही एकाच वेळी ज्यास समजतात, त्यासच त्या सुचतात.

मग आमची तक्रार काय? तक्रार ही की, ज्या शिक्षणाची आम्ही वकिली करीत आहोत त्या शिक्षणाची वाट विद्यालयांनी हळूहळू सोडली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण-अधिकारी नेमणे भाग पडले. समाजकार्याच्या विद्यालयांनी असे अधिकारी तयार करावे, हे योग्यच होते. पण हा कल्याण-अधिकारी कामगारांच्या चाळीतून सरकत सरकत मालकाच्या कचेरीत केव्हा जाऊन बसला आणि 'मनुष्यबळ' खात्याचा साहेब केव्हा झाला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही; आणि समाजसेवेच्या विद्यालयात सर्वांत झुंबड उडते ती ह्याच शाखेवर. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचा शेकडा दोन हिस्सा समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. पैसा आला हे चांगले झाले. पण पैशाबरोबर अहवाल आला, अहवालाबरोबर तक्ते आले, आणि तक्ते भरण्याची विद्या हीच सेवेची विद्या होऊन बसली. 'लाभार्थी', 'सक्षमीकरण', 'क्षमताबांधणी' ही शब्दांची नाणी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत खणखणत जातात; मात्र ज्यांच्यासाठी ती पाडली त्यांच्या बाजारात ती चालत नाहीत. आंजर्ल्याच्या एखाद्या आजीपाशी जाऊन 'आपण आमच्या लाभार्थी आहात' असे सांगून पाहावे. ती विचारील, 'म्हणजे तुला काय हवे, बाळ?' आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर असेल.

बहुतेक विद्यालयांत आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात आणि वर्षातून आठ-दहा दिवसांचे ग्रामीण शिबिर होते. शिबिर बहुधा थंडीत भरते. किनाऱ्यावरचे गाव त्या दिवसांत जितके रमणीय तितके वर्षात कधी नसते. विद्यार्थी येतात, शाळेच्या खोल्यांत उतरतात, पाखाड्या झाडतात, पथनाट्य करतात, घरोघर प्रश्नावली भरतात, शेवटच्या दिवशी गावकऱ्यांचा सत्कार करतात व अहवाल लिहितात. मुले गुणी असतात, कष्टही मनापासून करतात. दोष त्यांचा नव्हे. पण पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसता एकटी म्हातारी माणसे कशी राहतात, औषध संपले तर दापोलीस कोण जातो, मुंबईहून पैसे यावयास उशीर झाला तर वाण्याकडे खाते किती दिवस चालते, हे त्यांस कळावयाचे कधी? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवर होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. आणि २०११ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ११२२. ह्या आकड्यांचा अर्थ पथनाट्याने कळत नाही. ज्या घराच्या ओटीवर संध्याकाळी दिवा लागतो पण बोलावयास कोणी नसते, त्या ओटीवर वारंवार बसल्याने कळतो. शिवाय येथील वाड्यांचे कितीतरी निर्णय गावात होतच नाहीत. ते मुंबईत, एखाद्या चाळीच्या खोलीत, वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या बैठकीत होतात. विद्यार्थ्यांनी गावात दहा सभा घेतल्या आणि ती एक बैठक चुकविली, तर दहाही सभा व्यर्थ!

गावाला शिकविण्याची घाई झालेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. समुद्रकासवांची घरटी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने वेळासला २००२ साली हाती घेतले. पुढे आंजर्ल्यासही ते रुजले. आज पिले समुद्रात जाताना पाहावयास दूरदूरहून लोक येतात व गावच्या घरांत पाहुणे म्हणून उतरतात. बाहेरून आलेल्या संस्थेने येथे काय केले? तिने शास्त्र आणले. परंतु पहाटे पुळणीवरचा माग पाहून कासव कोठे चढले हे ओळखणारा डोळा गावचाच होता. त्या डोळ्यास तिने मान दिला, आणि पुळणीवर फिरण्याच्या कामास मोलही दिले. ज्यास सेवा करावयाची त्यास गुरू मानण्याची ही रीत समाजकार्याच्या किती विद्यालयांत आहे?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या पण निश्चित आहेत. पहिली ही की, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील एक अखंड वर्ष विद्यार्थ्याने एकाच गावी अथवा एकाच वस्तीत काढावे, आणि त्यात पावसाळा आलाच पाहिजे. टाटा संस्थेने तुळजापुरास ग्रामीण शाखा उभारली, तेव्हा ही गोष्ट अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. तुळजापूर करता येते तर दापोलीही करता येईल. दुसरी ही की, सातबारा, फेरफार, वारसनोंद, पंचनामा, निराधारांच्या योजनेचा अर्ज ही पाच कागदपत्रे विद्यार्थ्यास वाचता व लिहिता आल्यावाचून त्यास पदवी देऊ नये. समाजकार्याचे किती पदवीधर आज सातबारा वाचून दाखवू शकतील, हे परीक्षकांनी एकदा विचारून पाहावे. आणि धैर्य असेल तर स्वतःसही विचारावे. तिसरी ही की, परीक्षकांत गावची दोन माणसे असावीत, आणि त्यांतील एक तरी अशी असावी की जिला आजवर ओटीवर बसावयास कोणी बोलाविले नाही. चौथी ही की, पाठ्यपुस्तकांच्या बरोबरीने ह्या मातीतील वाङ्मयही वाचावयास लावावे. शिकागोच्या स्थलांतरितांविषयी लिहिलेले ग्रंथ वाचू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही इंग्रजी ग्रंथांवरच वाढलो. पण आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' ह्या कादंबरीत एका घराण्याच्या चार-पाच पिढ्यांतून कोकणचा जो अहंकार, जो हट्ट आणि जी माया दिसते, तिच्याशी ओळख नसलेल्या विद्यार्थ्याने येथे सेवेस येऊ नये, हेच बरे.

राहिला आईचा प्रश्न: ह्यात पोट भरेल का? ह्या प्रश्नास हसणारे लोक आम्हांस आवडत नाहीत. समाजसेवकाने संन्याशासारखे राहावे ही अपेक्षा बहुधा असे लोक करतात, ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात एकही गरज मारलेली नसते. गोखले फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे राहण्यास बांधले गेले होते. पण ते ७५ रुपये होते व महिन्याच्या महिन्यास मिळत होते. कर्व्यांनीही आश्रमाची उभारणी प्राध्यापकाचे वेतन घेता घेताच केली. त्यागाची ही परंपरा नियमित व बेताच्या वेतनाची आहे, उपाशीपणाची नव्हे. आज प्रकल्प सुटला की सेवकाची नोकरी सुटते, आणि तीन वर्षे गावात मिळविलेला विश्वास प्रकल्पाबरोबर गुंडाळून ठेवावा लागतो. ज्या समाजास पूल बांधणाऱ्या इंजिनिअराचे वेतन रास्त वाटते, त्यास दोन भावांमधील अबोला सोडविणाऱ्याचे वेतन भीक का वाटावी? प्रत्येक तालुक्यास जसा कृषी अधिकारी असतो तसे शिकलेले समाजसेवक कायम वेतनावर असले पाहिजेत, आणि ही मागणी समाजसेवकांनी नव्हे, तर आपल्यासारख्या कुटुंबांनी केली पाहिजे. कारण गावी एकटे राहिलेले वृद्ध मायबाप आपलेच आहेत.

तेव्हा घरातील मुलीने वा मुलाने हे शिक्षण घेण्याची इच्छा दर्शविली, तर वाचकांनी 'पदवी कशाला' असे विचारू नये. त्याऐवजी विद्यालयाच्या चालकांस पुढील प्रश्न विचारावे: माझी मुलगी एका गावी सलग किती महिने राहील? तिला सातबारा वाचावयास कोण शिकवील? तिची परीक्षा घेणारांत गावचे कोणी असेल काय? आणि शिकून निघाल्यावर तिला वेतन कोण देईल? ह्या चार प्रश्नांची सरळ उत्तरे ज्या विद्यालयास देता येतील, तेथे मुलीस खुशाल पाठवावे. ज्यास देता येणार नाहीत, त्यास ती उत्तरे शोधावयास लावणे हे पालकांच्या हाती आहे. शुल्क तेच भरतात. पुढचे वादळ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ते येईल तेव्हा आंजर्ल्याच्या आगरात उभे राहून 'आधी झाडे मोजा' असे सांगणारे मनुष्य तेथे असावे की नसावे, एवढाच ह्या वादातील प्रश्न आहे.